बंद घरांची मोजणी

माझं बूड एका जागी टिकत नाही. जेवताना दोनदा उठतो, एसटी लागायच्या आधी तीन वेळा स्थानकाबाहेर जाऊन येतो, आणि कुणी गोष्ट सांगायला लागलं की शेवट मीच आधी सांगून टाकतो. अशा माणसाला नोकरी लागली ती कसली, तर तीस वर्षांनंतरचा विचार करायची. गावाला पाणी किती लागेल, नळ कुठवर न्यायचा, टाकी केवढी बांधायची, हे सगळं तीस वर्षं पुढचं बघून ठरवायचं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि संध्याकाळी कुठल्या खाणावळीत जेवायचं हेसुद्धा मला धड ठरवता येत नव्हतं.

आमचं ऑफिस जळगावला होतं, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. जिल्ह्यातल्या लहान शहरांच्या पाणीपुरवठा योजना तिथं आखल्या जायच्या. मी कनिष्ठ अभियंता. माझ्यावर उपअभियंता, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. आणि नकाशे काढणाऱ्या एक आरेखक बाई होत्या, माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, फार कमी बोलणाऱ्या. साहेब माझ्या अगदी उलट. सकाळी खुर्चीत बसले की जेवणाच्या सुट्टीलाच उठायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून घेतलं, म्हणजे बसवायचा प्रयत्न केला, आणि सांगितलं, "पंप पंधरा वर्षांनी बदलता येतो, म्हणून पंपाचा हिशोब पंधरा वर्षांचा. पाइप एकदा जमिनीत गेला की गेला, म्हणून पाइपाचा तीस वर्षांचा. पंप म्हणजे चप्पल, पाइप म्हणजे हाड. हाड बारीक निघालं तर पुढं काही करता येत नाही." मी हो हो म्हणत खिडकीतून खालच्या रसवंतीकडं बघत होतो.

त्या वर्षी आमच्याकडं गिरणेकाठच्या एका गावाची योजना आली. भडगावच्या बाजूचं गाव, पण नाव सांगत नाही, तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत. आराखड्यात त्याला 'शहर' म्हणायचं असा नियम होता, कारण तिथं नगरपालिका होती. बाकी शहरासारखं काही नव्हतं. जुन्या विहिरीवरून चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं. उन्हाळ्यात तेही आटायचं, मग बायका नदीच्या वाळूत हातभर खोल झिरे खणून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. आता नदीत नवी मोठी विहीर, काठावर शुद्धीकरण, टेकाडावर उंच टाकी आणि गावभर नवे पाइप, असा बेत होता. पण या सगळ्याच्या आधी माणसं मोजायची असतात. माणूस एक, त्याला रोजचं पाणी इतकं, गुणिले एवढी माणसं, आणि पुढच्या तीस वर्षांत ती वाढतील तेवढी. पहिला आकडा चुकला की सगळंच चुकतं.

"मोजणी कधी करायची?" साहेबांनी विचारलं.

"हिवाळ्यात," मी ताडकन म्हणालो. "हिवाळ्यात अख्खं गाव घरी सापडतं, साहेब."

हे मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, ते मला अजून आठवतं. मी धरणगावकडचा. आमचा पट्टा कापसाचा. आमच्याकडं मार्गशीर्ष-पौषात वेचणी चालते, तेव्हा गावातलं कुणी बाहेर जात नाही, उलट बाहेरून माणसं येतात. ओट्यावर, गोठ्यात, देवळात, जागा मिळेल तिथं बिऱ्हाडं उतरतात. लहानपणापासून मी हिवाळा पाहिला तो भरलेला. साहेब नाशिकचे, सगळं आयुष्य शहरात गेलेलं. ऑफिसात खेड्यातला असा मीच. गावाकडचं काही असलं की मला विचारायचे आणि मला ते फार आवडायचं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, तुला माहीत." आणि आम्ही पौषात मोजणीला गेलो.

बाजारपेठेपासून सुरुवात केली. तक्ता होता: घर क्रमांक, माणसं, जनावरं, सध्या पाणी कुठून. पेठेत बरीच घरं बंद होती. शेजारी सांगायचे, सुरतेला गेले, मुंबईला गेले, आता तिकडचेच झाले, दिवाळीला तेवढं दार उघडतात. साहेबांनी पहिल्याच दिवशी नियम करून दिला: बंद घर म्हणजे शून्य. नियम चांगला होता. जो सुरतेला राहतो त्याच्यासाठी गिरणेचं पाणी टाकीत चढवून ठेवायचं कशाला? मी तक्त्यात 'बंद' लिहायचो आणि पुढच्या दाराकडं वळायचो. काम झपाझप चाललं होतं, मला चालायला मिळत होतं, मी खुशीत होतो.

शेवटच्या दिवशी नाल्यापलीकडची वस्ती राहिली होती. मजुरांची साठेक घरं. साहेब म्हणाले, तूच करून ये. मी गेलो तर गल्लीत सामसूम. दारांना कुलपं, ज्यांच्याकडं कुलूप नाही त्यांनी बाभळीच्या काट्या आडव्या लावलेल्या. चार-पाच घरांत तेवढी म्हातारी माणसं होती. एका ओट्यावर एक आबा उन्हाला पाठ देऊन बसले होते. मी विचारलं, "आबा, बाकी कुठं गेले?"

"ऊस तोडाले गयात," ते म्हणाले. "आखाजीले येतीन."

बस, एवढंच. मी 'आखाजीला' हे ऐकलं होतं. मी खानदेशातला, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती कधी येते हे मला सांगावं लागत नाही. पण चार वाजत आले होते, सव्वाचारची एसटी होती आणि माझ्याकडं तक्ता होता. तक्त्यात 'आखाजीला येतील' असा रकाना नव्हता. मी बंद, बंद, बंद लिहीत गल्ली संपवली, खाली सही ठोकली आणि धावत एसटी पकडली. अर्ध्या तासात वस्ती उरकली याचा मला आनंदच झाला होता.

पुढचे तीन महिने मी आकडेमोडीत घालवले. माणसांच्या वाढीचे अंदाज, टाकीची उंची, प्रत्येक गल्लीतल्या पाइपाचा व्यास. नाल्यापलीकडं मोजकी म्हातारी माणसं, त्यांची वाढ ती काय होणार? तिकडं तीन इंची पाइप पुरे झाला. तोही पाइपांच्या जाळ्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. आरेखक बाईंनी तो ट्रेसिंग पेपरवर बारीक शाईनं काढला. सगळा नकाशा तयार झाला तेव्हा भिंतीवर लावून आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.

आखाजीच्या दोन दिवस आधी मला एका सहकाऱ्याला घेऊन पुन्हा गावात जावं लागलं. शेवटच्या टोकाची जमिनीची पातळी एकदा तपासून घ्यायची होती. ऊन असं होतं की लेव्हलच्या भिंगातून बघताना समोरचा सगळा भाग हलताना दिसायचा. मी नाला ओलांडून वर आलो आणि थांबलो. वस्ती भरलेली होती. दारोदार माणसं. कुणी घर सारवत होतं, कुणी छपरावर चढलं होतं. बाया झिऱ्यावरून हंडे घेऊन येत होत्या, पोरं आंब्याच्या झाडाला झोके बांधत होती. मला आधी वाटलं कुणाचं लग्न आहे.

ज्या दारासमोर मी उभा होतो तिथं एक बाई डोक्यावरचा हंडा उतरवत होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी म्हणालो, "अक्का, हे घर पौषात बंद होतं ना?"

"व्हतं बंद," ती म्हणाली. "आमी बठ्ठा ऊसतोडीले व्हतूत. दर साल जातस. दिवाळी व्हयनी का निंघतस, आखाजीले येतस."

"सगळेच जाता? घरात किती जण?"

"आठ." तिनं बोटावर मोजून दाखवलं. मग माझ्या हातातल्या पट्टीकडं बघून तिनं विचारलं, "नळ येई का भाऊ आठे?"

"इथं ना? येईल," मी म्हणालो.

ती हसली. मी सहकाऱ्याला लेव्हल गुंडाळायला सांगितली आणि एकटाच दारोदार फिरलो. वहीत लिहीत गेलो. एका घरात आठ, एका घरात अकरा, एका घरात दोन भावांची दोन बिऱ्हाडं. गल्ली संपली तेव्हा माझा शर्ट भिजून गेला होता, उन्हानं की कशानं ते माहीत नाही. पेठेतल्या सुरतेच्या घरांना केलेला नियम मी इथं लावला होता. ही माणसं वर्षातले सहा-सात महिने इथंच राहत होती, त्यात ऐन उन्हाळा. ज्या दिवसांत पाणी सगळ्यात कमी आणि तहान सगळ्यात जास्त, नेमक्या त्या दिवसांत सगळे घरी. आणि हिवाळ्यात मोजा म्हणून सांगणारा शहाणा मीच होतो.

जळगावला येईपर्यंत एसटीत मी बसलोच नाही, दांड्याला धरून उभा राहिलो. खोलीवर येऊन गणित मांडलं. सहा इंची पाइप लागत होता, तोही नुसता वस्तीपुरता नाही. शेवटाला सहा इंची हवा तर मागच्या तीन गल्ल्यांतले पाइप वाढवायला हवेत, ते वाढवले तर टाकी मोठी हवी. म्हणजे सगळं जाळं पुन्हा. तीन इंचीवर काय होईल तेही काढून पाहिलं. पहिली काही वर्षं नळाला करंगळीएवढी धार येईल. मग गाव वाढेल, वरच्या गल्ल्या पाणी ओढून घेतील, आणि उन्हाळ्यात इथं नळ सूं सूं वाजेल. मी ते तीनदा काढलं, तिन्ही वेळा तेच आलं. मग चप्पल घालून स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी आधी आरेखक बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, नकाशाच्या त्या कोपऱ्याकडं पाहिलं. ट्रेसिंगवरची शाई पुसता येत नाही, दाढीच्या ब्लेडनं अलगद खरवडावी लागते, जरा जोर झाला की कागद फाटतो. त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढून टेबलावर ठेवलं. "सांगा, खरवडते," त्या म्हणाल्या. "आठ दिवस लागतील. पण तुम्ही सांगा."

मी साहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पंधरा दिवसांनी सरकारी मंजुरीची यादी बंद होते," ते म्हणाले. "आकडे बदलले की टाकी बदलेल, अंदाजपत्रक बदलेल, मग नगरपालिकेचा ठराव पुन्हा. नगरपालिकेत सध्या कशी भांडणं चाललीत ते तुला माहीत आहे, ठरावाला चार महिने लागतील. यादीतून गाव गळालं की पुढच्या वर्षी पुन्हा नंबर येईलच असं नाही. म्हणजे अख्खं गाव आणखी दोन-तीन उन्हाळे वाळूत झिरे खणणार. ती वस्तीसुद्धा."

"पण साहेब, पाइप तीस वर्षांचा..."

"मला शिकवू नकोस, मीच तुला शिकवलंय." मग म्हणाले, "मोजणीच्या तक्त्यावर सही तुझी आहे. तू लेखी दे की मोजणी चुकली, मी फाइल थांबवतो. माझी हरकत नाही. उद्या सकाळपर्यंत सांग."

त्यांच्यावर मी कितीतरी वर्षं राग धरला. आता वाटतं, त्या माणसानं दार उघडं ठेवलं होतं, आत जायचं धाडस मला झालं नाही. मी स्वतःला समजावलं की गावाचं भलं बघतोय. तेही खोटं नव्हतं. पण त्यात भीती होती. नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती, कायम व्हायचं होतं, आणि 'मोजणी चुकली' असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं म्हणजे पुढची सगळी वर्षं ते कपाळावर घेऊन फिरायचं. सकाळी मी साहेबांना म्हणालो, "असं करू या का, अहवालात एक वाक्य घालू या." आणि मीच ते लिहिलं: 'नाल्यापलीकडील वस्तीतील हंगामी स्थलांतर विचारात घेऊन तेथील वितरण व्यवस्थेचा पुढील टप्प्यात फेरविचार व्हावा.'

साहेबांनी वाक्य वाचलं, मान हलवली. आमच्या धंद्यात 'पुढील टप्पा' हा शब्द फार सोयीचा आहे. जे आत्ता करायचं नसतं ते सगळं त्यात ठेवता येतं आणि कुणाला काही नाकारावं लागत नाही. आरेखक बाईंनी ब्लेड परत ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

वर्षभरात माझी बदली धुळ्याला झाली. लग्न झालं, मुलगी झाली, देवपूरला दोन खोल्या घेतल्या. कामं तीच, गावं वेगळी. मोजणीला मात्र मी आता कुठल्याही गावात दोनदा जायचो, एकदा हिवाळ्यात, एकदा वैशाखात. वरिष्ठ म्हणायचे, हा माणूस भत्त्यासाठी फिरतो. म्हणू दे. पण त्या गिरणेकाठच्या गावाचं काय झालं, हा किडा डोक्यातून जाईना. टाकी बांधून झाल्याचं कळलं, मग पाइप पडल्याचं, मग पाणी सुरू झाल्याचं. नव्वदीची पहिली काही वर्षं होती. एका रविवारी बायकोला कामाचं कारण सांगितलं आणि एसटीत बसलो.

पेठेत नळांना छान धार होती. लोक खूश होते, एका दुकानदारानं ओळखून बळेच चहा पाजला. मी नाला ओलांडला. वैशाख होता, वस्ती भरलेली. सार्वजनिक नळापाशी हंड्यांची रांग नाल्यापर्यंत आली होती. मी घड्याळ लावून पाहिलं: एक हंडा भरायला जितका वेळ लागला तेवढ्यात पेठेत पाच भरले असते. माझं गणित बरोबर निघाल्याचं मला कधीच इतकं वाईट वाटलं नव्हतं.

अक्का रांगेत होती. तिनं मला ओळखलं. भाऊ आले, "भाऊ उनात!" म्हणून ओरडली आणि माणसं जमली. मला समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं, कुणीतरी चहा आणला. नळ आणणारे साहेब म्हणून म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी तो चहा तसाच खाली ठेवला. मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. पौषात आलो होतो, घरं बंद होती, मी शून्य लिहिलं, म्हणून पाइप बारीक पडला, चूक माझी आहे.

मला वाटलं आता कुणी शिवी देईल. खरं सांगायचं तर मी शिव्या खायलाच आलो होतो. चार वर्षं आत साठलेलं कुणीतरी बाहेरून बोलावं एवढीच माझी इच्छा होती.

पण अक्का म्हणाली, "मंग त्यामा तुमनी काय चूक? आमीच घर नव्हतूत."

"हो ना," एक म्हातारा म्हणाला. आणि सगळ्यांनी माना हलवल्या, जणू त्यांना आत्ताच कळलं होतं की पाणी का येत नाही, आणि कारण त्यांना पटलं होतं. मला त्यांचाच राग आला. अरे, चिडा की जरा! कारखान्यावर राबायला गेला होतात, मौज करायला नव्हे. पण ते बोलायचा अधिकार मला नव्हता.

"परत कव्हय मोजतीन?" अक्कानं विचारलं.

इथं मी दुसरी चूक केली. पहिली चूक घाईनं झाली होती, ही कळवळ्यानं झाली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मला काहीतरी चांगलं सांगून तिथून निघायचं होतं. मी म्हणालो, "मोजतील, पुढच्या टप्प्यात मोजतील. तेव्हा फक्त घरात कुणीतरी असू द्या."

हे बोलून मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एसटीत मी चक्क झोपलो.

त्यानंतर दोन वर्षांनी, पौषात, दुसऱ्या एका कामासाठी त्या भागात गेलो होतो. काम दुपारी संपलं, चाळीसगावच्या एसटीला वेळ होता. पाय आपोआप नाल्याकडं वळले. बंद गल्ली बघून परत फिरायचं असं मनाशी ठरवून वर चढलो.

दारं उघडी होती. प्रत्येक घरापुढं कोणी ना कोणी बसलेलं होतं. म्हातारी माणसं नव्हे, चांगली धडधाकट. एक तिशीतला गडी विळ्याला धार लावत होता, पण कापायला काही नव्हतं. दोन बाया समोरासमोरच्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. गल्ली आजारी माणसांच्या वॉर्डासारखी शांत होती. मला बघताच त्या बायांतली एक उठली. अक्का होती. तिनं बाज ओढली, त्यावर गोधडी टाकली, पदर नीट केला.

"मोजाले उनात का भाऊ?"

मी विचारलं, "तुम्ही गेल्या नाहीत?"

"तुमीच सांगं व्हतं ना, घरमा कोनी तरी ऱ्हावाले पाहिजे. बठ्ठास्नी आयकं." ती अभिमानानं गल्लीकडं हात करून म्हणाली. "हाई दुसरं वरीस शे. एक बी घर बंद नही."

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. जोडीला एक कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळी बांधते. एकटा गेला तर अर्धा कोयता. मुकादम त्याला सगळ्यात शेवटी काम देतो, नाही तर घेतच नाही. गल्लीतल्या साठ घरांतल्या साठ धडधाकट माणसांची दुसरी अर्धी जोडी तिकडं उसात एकटी राबत होती, आणि ही इथं दोन हिवाळे अंगणात बसून होती, एका मोजणाऱ्याची वाट बघत. माझी.

"तुमचे मालक?" मी विचारलं.

"एकलाच गया. एकलाच तोडस, एकलाच मोळी बांधस." तिचा आवाज जरा खाली आला. "गये साल पाठ धरी लिन्थी त्यानी. पन आते व्हई जाई ना मोजनी?"

मी बाजेवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला उठावंसं वाटत नव्हतं. खिशात पेन होतं, पिशवीत वही होती. लिहून घेतलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, आणि पुढच्या वर्षीही ती इथं बसली असती.

"अक्का," मी म्हणालो, "मी मोजायला आलो नाही. कुणीच येणार नाही. पाइप तीस वर्षांचा असतो. अजून पंचवीस वर्षं तरी इथं कुणी मोजायला येणार नाही."

समोरच्या ओट्यावरच्या बाईचे हात थांबले. विळावाला उठून जवळ आला. अक्का माझ्याकडं बघत राहिली. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला.

"मंग तुमी तसं का सांगं?" ती म्हणाली.

पाइप बारीक टाकल्याबद्दल तिनं मला एक शब्दही विचारला नव्हता. हे विचारलं. मी म्हणालो, चुकलं माझं. ती ते ऐकायला थांबली नाही. आत गेली, दोन लुगडी आणि भाकरीचं पीठ एका फडक्यात बांधलं, विळा पिशवीत घातला, शेळी समोरच्या बाईच्या स्वाधीन केली. हंगामाचे अजून तीन महिने बाकी होते. चाळीसगावहून पुढं कारखान्यावर कसं जायचं ते तिला ठाऊक होतं.

आम्ही एकाच एसटीत चढलो. ती पुढच्या बाकावर बसली, मी मागं उभा राहिलो. कंडक्टर आला तेव्हा मी पुढं होऊन म्हणालो, यांचंही तिकीट मी काढतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. कनवटीचे पैसे सोडले आणि आपलं तिकीट आपण काढलं.